लाकडाच्या वखारीतली मुलगी

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील हे ठाऊक होतं. डबे, छड्या, स्नेहसंमेलनं यांवर माझ्यापेक्षा रंगवून लिहिणारे आपल्या तुकडीत बरेच आहेत. म्हणून मी एका अशा बाईविषयी लिहायचं ठरवलं, जिचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं नसेल. एडिथ स्टाईन. जन्मानं ज्यू, शिक्षणानं तत्त्वज्ञ, आयुष्याची शेवटची नऊ वर्षं कार्मेलाइट मठातली नन, आणि मृत्यू ऑशविट्झच्या छळछावणीत. मी इंजिनिअरिंग शिकलेली, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी बाई. तत्त्वज्ञानाशी माझा काही संबंध नव्हता. कंपनीच्या कामासाठी काही महिने जर्मनीत कोलोनला होते, तिथं भर रस्त्यात तिचं शिल्प दिसलं आणि मग मी वाचत गेले. त्या शिल्पाविषयी पुढे सांगते.

एडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाउ शहरात झाला. तेव्हा ते जर्मनीत होतं. आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. त्या दिवशी योम किप्पूर होता, म्हणजे ज्यूंचा वर्षातला सर्वांत पवित्र, उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. ज्यू म्हटल्यावर आपल्याला अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएली आठवतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते पिढ्यान्‌पिढ्या कोकणात मराठी बोलत सुखानं नांदले. युरोपातल्या ज्यूंच्या नशिबी ते सुख नव्हतं, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

अकरा भावंडांत एडिथ शेवटची. त्यातली चार लहानपणीच गेली होती. वडील झीगफ्रीड लाकडाचे व्यापारी. १८९३ च्या जुलैमध्ये कामासाठी भर उन्हात जंगलाच्या वाटेनं पायी निघाले आणि वाटेतच उष्माघातानं गेले. एडिथ तेव्हा पावणेदोन वर्षांची. वखारीवर कर्ज होतं. नातेवाइकांनी सल्ला दिला, धंदा विकून टाक, खोल्या भाड्यानं दे, आम्ही हातभार लावू. आई औगुस्ट हिनं ऐकलं नाही. सात मुलं सांभाळत तिनं वखार स्वतः चालवली, कर्ज फेडलं आणि धंदा नावारूपाला आणला. उभ्या झाडांवर नुसती नजर टाकून त्यातून किती माल निघेल हे ती सांगायची म्हणे. शब्बाथ, सण, उपास सगळं तिनं मनापासून पाळलं. आपली धाकटी योम किप्पूरला जन्मली याचं तिला फार अप्रूप होतं, आणि सगळ्या मुलांत तिचा जीव एडिथवर अधिक होता. हे मुद्दाम विस्तारानं सांगते आहे, कारण माझ्या मते एडिथच्या चरित्रातली दुसरी मुख्य व्यक्ती कुणी तत्त्वज्ञ किंवा धर्मगुरू नाही. ती ही वखारवाली आई आहे.

एडिथ हट्टी आणि हुशार. सहाव्या वाढदिवसाला भेट म्हणून तिला मोठ्या शाळेत प्रवेश हवा होता आणि तो तिनं मिळवला. चौदाव्या वर्षी मात्र शाळा नको म्हणाली. मोठ्या बहिणीकडे, एल्झेकडे, हॅम्बुर्गला जाऊन राहिली. त्या घरात देवधर्म नव्हता. तिथं तिनं पूर्ण विचारांती प्रार्थना करणं सोडून दिलं. परत आल्यावर अभ्यासाला लागून १९११ मध्ये शालान्त परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि ब्रेस्लाउच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकू लागली. पण त्या काळचं मानसशास्त्र तिला पायाच न भरलेल्या इमारतीसारखं वाटलं. अशात एडमुंड हुसेर्ल यांचा तर्कशास्त्रावरचा ग्रंथ हाती पडला. १९१३ मध्ये सामान बांधून ती हुसेर्ल यांच्याकडे ग्योटिंगेनला गेली.

हुसेर्ल यांच्या विचारपद्धतीला फेनॉमेनॉलॉजी म्हणतात. ती मला जेवढी कळली तेवढी सांगते. एखादी गोष्ट आपल्या जाणिवेत कशी येते, ते आधीचे सगळे सिद्धांत बाजूला ठेवून नीट पाहायचं आणि जसं दिसतं तसं वर्णन करायचं. आमच्या धंद्यात नवीन मुलांना हेच शिकवावं लागतं: बग कुठे आहे याचा तर्क लढवण्याआधी प्रोग्रॅम प्रत्यक्षात काय करतो आहे ते बघ.

एडिथनं प्रबंधासाठी निवडलेला प्रश्न साधा दिसतो. दुसऱ्याच्या मनातलं मला कळतं म्हणजे नेमकं काय होतं? तिचं उदाहरण असं. मित्र येऊन सांगतो की भाऊ गेला, आणि मला त्याचं दुःख जाणवतं. हे जाणवणं काय आहे? मी त्याच्या चेहऱ्यावरून अनुमान काढत नाही. रडणाऱ्या घोळक्यात आपलेही डोळे भरून येतात तशी ही भावनेची लागण नाही. त्याच्या जागी मी असते तर, अशी कल्पनाही नाही. दुःख त्याचंच राहतं, माझं होत नाही. तरी ते मला खरंखुरं भेटतं. मराठीत याला आपण समानुभूती म्हणतो, पण एडिथच्या हिशेबात तो शब्द थोडा फसवा ठरेल, कारण अनुभव समान होत नाही हाच तर तिचा मुद्दा. दुसरा दुसराच राहतो आणि तरीही मी त्याच्यापर्यंत पोहोचते. हल्ली आमच्या ऑफिसात एम्पथीवर अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग असतं आणि चहाबरोबर प्रमाणपत्र मिळतं. एडिथला या प्रश्नानं इतकं पिळून काढलं होतं, की रस्त्यानं चालताना एखादी गाडी अंगावरून गेली तर बरं, असं तिच्या मनात येऊन जाई. तिला त्यातून काढलं हुसेर्ल यांचे सहकारी आडोल्फ राइनाख यांनी. त्यांनी शांतपणे तिचे कागद वाचले, चांगलं चाललं आहे म्हणून सांगितलं, आणि तिला नवा जन्म मिळाल्यासारखं झालं.

मध्येच पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. १९१५ मध्ये मोराव्हियातल्या साथरोगांच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून जायचं तिनं ठरवलं. आई म्हणाली, माझ्या संमतीनं तू जाणार नाहीस. मुलगी म्हणाली, मग तुझ्या संमतीवाचून जाईन. दोघी एकाच लाकडाच्या! तिथं टायफॉइड आणि कॉलऱ्याचे रोगी होते, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले, नाना भाषा बोलणारे. त्यांची भाषा न येता त्यांच्या वेदना ओळखायच्या होत्या. प्रबंधाचा विषय तिथं रोज खाटेवर पडलेला असे.

हुसेर्ल फ्रायबुर्गला गेले तेव्हा तीही तिकडे गेली, आणि ऑगस्ट १९१६ मध्ये तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळाली. मग हुसेर्ल यांची साहाय्यक म्हणून तिनं दीड वर्ष काम केलं. हे काम काय होतं ते वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हुसेर्ल लघुलिपीत लिहीत. हजारो सुटी पानं, क्रम नाही, एकाच विषयावर वेगवेगळ्या वर्षी केलेले वेगवेगळे विचार. एडिथनं ती वाचायची, जुळवायची, त्यातून सलग ग्रंथ तयार करायचा. तिनं तो करून समोर ठेवावा, तर गुरुजी तो उघडून बघायचे नाहीत. त्यांना नवीनच काहीतरी सुचलेलं असायचं. दुसऱ्याचा जुना, कॉमेंट नसलेला कोड ज्यांनी सांभाळला आहे आणि ज्यांचं काम मूळ लेखकानं कधीच तपासलं नाही, त्यांना ही बाई लगेच जवळची वाटेल. काळाच्या जाणिवेवरची हुसेर्ल यांची व्याख्यानं तिनंच सिद्ध केली होती. ती १९२८ मध्ये छापली गेली तेव्हा संपादक म्हणून नाव मार्टिन हायडेगर यांचं होतं. एडिथनं फेब्रुवारी १९१८ मध्ये राजीनामा दिला होता. गुरूविषयी आदर मात्र तिनं अखेरपर्यंत ठेवला.

आता तिला स्वतः विद्यापीठात शिकवायचं होतं. जर्मनीत त्यासाठी डॉक्टरेटनंतर दुसरा मोठा प्रबंध मान्य व्हावा लागे, आणि बाईचा तो स्वीकारायलाच विद्यापीठं तयार नव्हती. हुसेर्ल यांनी शिफारसपत्र दिलं, त्याचा आशय असा, की प्राध्यापकी जर कधी बायकांना खुली झाली तर मी सर्वांत आधी हिचं नाव सुचवीन. त्यातलं 'जर' बघा! ग्योटिंगेननं १९१९ मध्ये तिचा अर्ज पुढे जाऊच दिला नाही. तिनं थेट प्रशियाच्या मंत्रालयाकडे तक्रार केली. फेब्रुवारी १९२० मध्ये मंत्रालयानं आदेश काढला, की स्त्री असणं ही या पात्रतेच्या आड येणारी बाब नाही. पुढच्या पिढ्यांतल्या जर्मन बायकांना त्याचा उपयोग झाला. एडिथला झाला नाही. तिनं नंतरही प्रयत्न केले, पण विद्यापीठाची जागा काही मिळाली नाही.

याच काळात आतून दुसरंच काहीतरी चाललं होतं. नोव्हेंबर १९१७ मध्ये राइनाख आघाडीवर मारले गेले. त्यांचे कागद लावून द्यायला त्यांच्या पत्नीनं, आना यांनी, एडिथला बोलावलं. उद्ध्वस्त झालेल्या बाईला काय बोलून धीर द्यायचा, या विवंचनेत ती गेली. समोर दुःख होतं, पण कोसळलेली बाई नव्हती. राइनाख पतिपत्नींनी थोड्याच काळापूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि आना आपल्या श्रद्धेच्या आधारानं उभ्या होत्या. ज्या मुलीनं दुसऱ्याचा अनुभव आपल्याला कसा भेटतो यावर प्रबंध लिहिला, तिला दुसऱ्याची श्रद्धा अशी समोरासमोर भेटली. तिचा नास्तिकपणा त्या भेटीत ढासळला, असं ती पुढे सांगत असे.

प्रसिद्ध गोष्ट मात्र वेगळी आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात बेर्गत्साबेर्न या गावी मैत्रिणीच्या घरी असताना तिनं आविलाच्या संत तेरेसा यांचं आत्मचरित्र कपाटातून सहज काढलं, रात्रभर वाचलं आणि सकाळी तिचा निर्णय झाला होता. स्पेनमधल्या सोळाव्या शतकातल्या या तेरेसांनीच कार्मेलाइट संघाची कडक, मौनाची, प्रार्थनेची शाखा उभी केली. एका रात्रीत आयुष्य बदलल्याची गोष्ट सांगायला सोपी जाते, पण माझा त्यावर फारसा भर नाही. राइनाख गेल्यापासूनची चार वर्षं त्या रात्रीच्या मागे उभी होती. १ जानेवारी १९२२ ला तिनं त्याच गावात बाप्तिस्मा घेतला. मैत्रीण, हेडविग कोनराड-मार्टिउस, ही प्रोटेस्टंट असून धर्ममाता म्हणून उभी राहिली.

आईला सांगायला ती स्वतः ब्रेस्लाउला गेली. पत्र लिहून मोकळी झाली नाही. वखार एकटीनं चालवणारी, नवरा गेल्यावरही उभी राहिलेली ती बाई मुलीसमोर रडली. एडिथनं आईला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्या मुक्कामात ती आईबरोबर सिनेगॉगमध्ये जात राहिली, उपासही केले. प्रार्थनेतली स्तोत्रं दोघींच्याही धर्मात तीच होती.

तिला तेव्हाच मठात जायचं होतं. तिच्या धर्मगुरूंनी थांबवलं: आईला एवढ्यात दुसरा धक्का देऊ नकोस, आणि बाहेरच्या जगातही तुझं काम आहे. ती जवळजवळ बारा वर्षं थांबली. त्यातली आठ श्पायर या गावी, डॉमिनिकन धर्मभगिनींच्या मुलींच्या शाळेत जर्मन भाषा शिकवण्यात गेली. आधी तिला वाटे की धर्मात शिरायचं म्हणजे विद्या, लेखन सगळं सोडायचं. थॉमस अक्विनास यांचा सत्यावरचा लॅटिन ग्रंथ जर्मनमध्ये आणताना तिला उमगलं की अभ्यास हीसुद्धा देवाची सेवा होऊ शकते. माणूस देवाकडे जितका ओढला जातो, तितकं त्याला जगाकडे परत यावं लागतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये तिची व्याख्यानं होऊ लागली, विशेषतः स्त्रियांच्या शिक्षणावर. बाईला करता येणार नाही असा एकही व्यवसाय नाही, हे ती कॅथलिक सभागृहांतून ठामपणे सांगे. १९३२ मध्ये म्युन्स्टरच्या अध्यापन संस्थेत तिला व्याख्यातीची जागा मिळाली. वर्षभरातच हिटलर सत्तेवर आला, ज्यूंना शासकीय नोकऱ्यांतून काढणारा कायदा झाला आणि तिचं शिकवणं बंद पडलं.

त्या एप्रिलमध्ये, १९३३ साली, तिनं पोप अकरावे पायस यांना पत्र लिहिलं. ज्यूंवर काय चाललं आहे ते सांगून तिनं बजावलं, की हे करणारे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, आणि चर्च गप्प राहिलं तर त्या मौनाची जबाबदारी त्याच्यावरही येईल. तेव्हा ऑशविट्झ कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हे पत्र व्हॅटिकनच्या दप्तरखान्यातून २००३ मध्ये खुलं झालं. त्यावर पोपनी काही केल्याचं तिला कधी कळलं नाही. तिला आणि तिच्या घरच्यांना आशीर्वाद मात्र आला.

आता बाहेरच्या जगात तिचं काम उरलं नव्हतं. कोलोनच्या कार्मेल मठानं तिला स्वीकारलं. आपल्याकडे कार्मेल नावाच्या शाळा आहेत, पण तिथल्या सिस्टर शिकवणाऱ्या संघांच्या असतात. एडिथ गेली तो मठ वेगळा. तिथं गेलेली बाई बाहेर येत नाही. भेटायला आलेल्यांशी जाळीआडून बोलते. दिवसाचे दोन तास मौन प्रार्थना, बाकी वेळ सामूहिक प्रार्थना आणि घरकाम. बेचाळीस वर्षांची ही नामांकित व्याख्याती तिथं विशी-पंचविशीतल्या मुलींमध्ये नवशिकी होती. शिवणकामात तिचा हात अगदीच कच्चा होता!

जाण्यापूर्वी ती घरी गेली. सारखा मनात राहतो तो हा भाग. बाहेर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार चालू, आणि घरातली लाडकी मुलगी अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या मठात निघालेली. बारा वर्षांच्या भाचीनं, सुझननं, सरळ विचारलं: हे तू आत्ताच का करतेस? घरातल्या मोठ्यांच्या मनात तेच होतं. एडिथचं म्हणणं, मी कुणाला सोडून जात नाही. घर आणि घरची माणसं माझीच राहतील. बारा वर्षांच्या मुलीला हे पटलं नाही, आणि मला विचाराल तर त्या घरातल्या कुणालाच पटणं शक्य नव्हतं.

१२ ऑक्टोबर १९३३, तिचा बेचाळिसावा वाढदिवस. सुक्कोथच्या सणाची अखेर होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईबरोबर ती सिनेगॉगला गेली. परत येताना आईला चालत यायचं होतं. वाटेत आई म्हणाली, प्रवचन चांगलं होतं ना, म्हणजे ज्यू राहूनही माणूस धार्मिक असू शकतो. मुलगी म्हणाली, हो, दुसरं काही कळलेलं नसेल तर. मग तुला ते का कळलं, असं आई म्हणाली. त्या येशूविरुद्ध मला काही बोलायचं नाही, तो भला माणूस असेल. पण त्यानं स्वतःला देव का करून घेतलं? संध्याकाळी पाहुणे येऊन गेले. शेवटी दोघीच उरल्या. आईनं ओंजळीत तोंड लपवलं आणि ती रडू लागली. एडिथ खुर्चीमागे उभी राहिली आणि ते पांढरं डोकं छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच थांबली. मग तिला वर नेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, तिचे कपडे बदलायला मदत केली आणि पलंगावर बसून राहिली. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. सकाळी एडिथ गाडीत बसली. मोठा आनंद वगैरे काही वाटला नाही, पण मन शांत होतं, असं तिनं नंतर लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्याचं दुःख खरंखुरं भेटतं, पण आपलं होत नाही, हे तिनं सतराएक वर्षांपूर्वी कागदावर सिद्ध केलं होतं. आईचं दुःख तिला पुरतं कळत होतं. कळलं म्हणून ती थांबली नाही, आणि थांबली नाही म्हणून ते कमी कळलं असंही नाही.

मठातून ती दर आठवड्याला आईला पत्र लिही. उत्तर बहीण रोझाकडून येई. खूप दिवसांनी रोझाच्या पत्राखाली आईच्या दोन ओळी येऊ लागल्या. ब्रेस्लाउमध्ये नवा कार्मेल मठ बांधला जात होता. आई कुणाला न सांगता एकदा तो बघून आली, हे एडिथला रोझाकडून कळलं. १४ सप्टेंबर १९३६ ला मठात एडिथ आपल्या व्रतांचा पुनरुच्चार करत असताना तिकडे आई वारली. आईनं मरताना ख्रिस्ती धर्म घेतला अशी अफवा उठली. एखादीनं ती आनंदानं पसरू दिली असती. एडिथनं ताबडतोब लिहून ती खोडून काढली: माझी आई शेवटपर्यंत आपल्या धर्माला घट्ट धरून होती.

मठातलं तिचं नाव तेरेसा बेनेडिक्टा, क्रुसाची. वरिष्ठांच्या सांगण्यावरून ती पुन्हा लिहू लागली आणि 'सान्त आणि अनंत सत्ता' हा मोठा ग्रंथ १९३६ मध्ये पुरा केला. ज्यू लेखिकेचं पुस्तक जर्मनीत छापणं शक्य नव्हतं. ते १९५० मध्ये निघालं. त्यातला एक विचार मला समजला आणि आवडला. माझं असणं क्षणाक्षणाला निसटतं, पुढच्या क्षणी मी असेन याची खात्री मला स्वतःला देता येत नाही, आणि तरी मी आहे. कुणीतरी मला धरलं आहे. कडेवरच्या मुलाला आपण पडू अशी धास्ती नसते, तसं. हायडेगर यांच्या मते माणसाच्या मुळाशी चिंता आहे. एडिथ म्हणते, चिंता खरी, पण माणूस एरवी इतका निर्धास्त जगतो, त्याचाही अर्थ लावायला नको का?

एप्रिल १९३८ मध्ये तिनं अखेरची व्रतं घेतली आणि त्याच आठवड्यात हुसेर्ल वारले. त्यांच्या उद्धाराची तिला काळजी नव्हती. जो सत्य शोधतो तो देवालाच शोधत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो, असं तिचं मत होतं. नोव्हेंबरमध्ये जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले. आपल्यामुळे मठ धोक्यात येऊ नये म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री ती हॉलंडमधल्या एख्तच्या मठात गेली. मागाहून रोझाही आली. आई गेल्यावर तिनंही बाप्तिस्मा घेतला होता. पण १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या. स्वित्झर्लंडच्या एका मठात एडिथची सोय होत होती. रोझाचं नक्की होईना, आणि रोझाला सोडून जायला ती तयार नव्हती. कागदपत्रं अडकून पडली. १९४२ मध्ये ती 'क्रुसाचं शास्त्र' हा क्रुसाचे संत योहान यांच्यावरचा ग्रंथ लिहीत होती.

त्या जुलैमध्ये हॉलंडमधल्या चर्चनी ज्यूंना पाठवण्याविरुद्ध निषेध केला. गप्प राहाल तर बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंना हात लावणार नाही, असं जर्मनांनी सुचवलं. कॅथलिक बिशपांनी ऐकलं नाही. २६ जुलैच्या रविवारी निषेधाचं पत्र चर्चमधून वाचलं गेलं. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी एडिथनं पोपकडे जे मागितलं होतं, ते हॉलंडच्या बिशपांनी केलं, आणि सूड घेतला गेला तो तिच्यासारख्यांवर. २ ऑगस्टला संध्याकाळी दोन अधिकारी मठाच्या दारात उभे राहिले. दोघी बहिणींना काही मिनिटांत निघावं लागलं.

वेस्टरबोर्कच्या छावणीत तिला पाहिलेल्यांनी सांगितलं आहे, की आया दुःखानं सुन्न होऊन बसल्या होत्या आणि मुलांकडे कुणी बघत नव्हतं, तेव्हा ती मुलांना आंघोळ घालत होती, केस विंचरत होती, भरवत होती. तिथून मठाला तिनं चिठ्ठी पाठवली. लोकरी मोजे आणि दोन ब्लँकेट मागितली, रोझासाठी गरम कपडे, आणि प्रार्थनेच्या पुस्तकाचा पुढचा खंड. ७ ऑगस्टला गाडी पूर्वेकडे निघाली, ब्रेस्लाउ ज्या प्रांतात आहे त्याच सायलेशियाकडे. ९ ऑगस्ट १९४२ ला ऑशविट्झमध्ये दोघींना मारलं गेलं असं मानतात. एडिथ पन्नास वर्षांची होती. भाऊ पाऊल आणि बहीण फ्रीडा यांचाही अंत नाझींच्या छावणीतच झाला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये कोलोनला तिला धन्य आणि ११ ऑक्टोबर १९९८ रोजी रोमला संत घोषित केलं. त्यावर ज्यूंनी आक्षेप घेतला, आणि मला तो रास्त वाटतो. तिला मारलं ते ज्यू म्हणून; मग ती चर्चची हुतात्मा कशी? चर्चचं उत्तर असं, की बिशपांच्या निषेधाचा सूड म्हणून तिला धरलं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणखी अवघड गोष्ट म्हणजे १९३९ च्या मृत्युपत्रात तिनं आपला मृत्यू अनेक कारणांसाठी अर्पण केला आहे, त्यात ज्यूंनी ख्रिस्ताला न स्वीकारल्याचं प्रायश्चित्तही आहे. ज्यू वाचकाला हे टोचणारच. तिची थोरवी सांगताना हे झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

कोलोनचं शिल्प बेर्ट गेरेसहाइम यांचं, १९९९ मधलं. त्यात तीन एडिथ आहेत: ज्यू मुलगी, डोकं मधोमध दुभंगलेली तत्त्वज्ञ, आणि नन. जवळ बुटांचा ढीग आहे, छावणीत मागे उरलेल्यांसारखा. पहिल्यांदा मला ते डोकं बघवलं नाही.

रोमच्या सोहळ्याला स्टाईन कुटुंबातले नातेवाईक गेले होते, त्यांतले काही ज्यू. बारा वर्षांची असताना प्रश्न विचारणारी ती भाचीही होती. ती तोवर अमेरिकेत आजी झाली होती आणि तिनं मावशीवर पुस्तक लिहिलं होतं.

एडिथनं स्वतः लिहिलेलं पुस्तक आधी वाचायचं असेल, तर तत्त्वज्ञानाचे ग्रंथ नकोत. 'एका ज्यू कुटुंबातलं आयुष्य' वाचा. ज्यू घर आतून कसं असतं हे जर्मन तरुणांना कळावं, म्हणून १९३३ मध्ये, मठात जाण्याच्या उंबरठ्यावर, तिनं ते लिहायला घेतलं. सुरुवात आईच्या आठवणींनी आहे. वखार आहे, कर्ज आहे, बहिणींची भांडणं आणि लग्नं आहेत. बाप्तिस्मा आणि मठ त्यात येतच नाहीत, कारण लेखन १९१६ पर्यंत येऊन थांबलं आहे. शेवटी शेवटी ती फ्रायबुर्गला हुसेर्ल यांच्या घरी जेवायला बसली आहे. डॉक्टरेटची परीक्षा नुकतीच झाली आहे, आणि हुसेर्ल यांच्या घरच्या बायकांनी आयव्हीच्या वेली आणि डेझीची फुलं गुंफून केलेला मुकुट तिच्या डोक्यावर आहे.